माझी यादी यायलीय

आंधळ्या बाईला व्ह्यू कशाला पायजे, हे वाक्य आमच्या सोसायटीत पहिल्यांदा कोण बोललं ते मला माहीत आहे. नाव घेत नाही, कारण आठवड्याभरात तेच वाक्य सगळ्यांच्या तोंडी झालं. जिन्यात, गेटवर, पाण्याच्या टाकीपाशी. आणि जिच्याबद्दल बोलत होते ती राहीबाई तळमजल्याच्या खिडकीआड बसून सगळं ऐकत होती. डोळे गेलेत तिचे, कान नाही गेले, एवढी साधी अक्कल कुणाला नव्हती.

मी गोजरा. नेरूळला आमची सिडकोची जुनी चार मजली बिल्डिंग. माझ्या दारासमोर राहीबाईचं दार. इतकी वर्षं समोरासमोर राहिलो की तिच्या भाकरीचा पहिला थापा पडला की मी समजते सात वाजले.

राहीबाई मूळची परभणीकडची. नवरा पावणे एमआयडीसीतल्या कंपनीत होता, ही तुर्भ्याच्या कारखान्यात बिस्किटं पॅक करायची. पन्नाशीच्या आतच काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले. मग नवराही गेला. मूलबाळ नाही. गावाकडून पुतण्या न्यायला आला होता, खास गाडी करून. ही त्याला म्हणाली, "चहा पी अन् जा. मी काय सामान हाय का उचलून न्यायला?" तो चहा पिऊन गेला.

गेटवर सारसोळे गावची कोळीण, पुतळा, मासे घेऊन बसते. बाकी आमी बायका "चांगले बघून दे गं" म्हणतो आणि पिशवी पुढे करतो. राहीबाई तसं करत नाही. ती खाली बसते, एकेका माशाचा कल्ला उघडून बोट घालते, पोट दाबते, वास घेते, मग एक उचलते. पुतळाच्या नाकाला मिरच्या झोंबतात. "राहीबाय, मी तुला वाईट देनार हाय का?" ती म्हणते, "तू चांगलाच देशील गं. पण निवडणार मी." आता सांगा, जी बाई बांगडा दुसऱ्याला निवडू देत नाही, ती राहायचं घर निवडू देईल?

तर गोष्ट त्या घराचीच आहे. आमची बिल्डिंग पाडून तिथे उंच टॉवर होणार असं ठरलं. जुन्या मेंबरांना पहिल्यापासून चौदाव्या मजल्यापर्यंतचे फ्लॅट. चिठ्ठ्या टाकून नंबर लावायचे आणि नंबराप्रमाणे एकेकानं आपापल्या मोबाईलवर यादी उघडून जे उरले असतील त्यांतला एक फ्लॅट पाच मिनिटांत निवडायचा. म्हणजे मागाहून भांडणं नकोत. त्यासाठी अ‍ॅप बनवलं माझ्या मुलीनं. मैत्री तिचं नाव. ती महापेला एका कंपनीत मोबाईलची अ‍ॅपंच बनवते. सेक्रेटरी सुभाषनी गळ घातली, हिनं सुट्टीच्या दिवशी बसून करून दिलं. मला केवढा अभिमान. अख्ख्या विंगमध्ये मी सांगत फिरले.

राहीबाईनं मला आधीच सांगून ठेवलं होतं. "गोजरे, मी चौदावा घेणार. खाडीच्या बाजूचा."

खोटं कशाला बोलू, मीही म्हणाले, "मावशी, पहिला घ्या. लिफ्ट बंद पडली तर?"

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "माझी खिडकी कधी उघडी बघितलीस?"

नव्हती बघितली. तिच्या खिडकीखाली गटार, पुढे पार्किंग, आणि तिथून जाणारा प्रत्येक माणूस आत डोकावतो. वाईट मनानं नाही. राहीबाई काय करते, जेवली का, पडली तर नाही ना. मीसुद्धा डोकावते.

"मला कळतच न्हाई कोण बघायलंय," ती म्हणाली. "केस सोडून बसले तरी वाटतं कुणीतरी उभं हाय. कपडे बदलायला मोरीत जाते मी, माझ्याच घरात. चौदाव्या मजल्यावर कोण येतंय बघायला? खिडकी सताड उघडणार अन् खाडीचा वारा घेणार. व्ह्यू मला नकोच हाय. मी कुणाचा व्ह्यू नको व्हायला."

त्यानंतर मी पहिल्या मजल्याचं नाव काढलं नाही.

आता सुभाषबद्दल सांगायला पायजे, नाहीतर तुमाला वाटेल तो कोणी खलनायक आहे. उलट फार चांगला माणूस. आमच्याकडे कुणाचं गॅसचं बुकिंग अडलं, कुणाला पेन्शनचा दाखला भरायचा असला, की म्हातारी माणसं सरळ सुभाषच्या हातात फोन देतात. "ओटीपी आला का? सांगा. झालं काम, टेन्शन नका घेऊ." अर्ध्या बिल्डिंगीचे पासवर्ड त्याला तोंडपाठ. अशी रीतच पडली आहे. फक्त राहीबाईनं आपला फोन कधी त्याच्या हातात दिला नाही. तिचा फोन बोलतो. पडद्यावरून बोट फिरवलं की बोटाखाली काय आहे ते सांगतो, आणि दोनदा टकटक केलं की ते बटण दाबलं जातं. इतक्या भरभर बोलतो की आपल्याला नुसती जात्याची घरघर ऐकू येते. ती मात्र बटाटे सोलता सोलता सगळं समजून घेते.

अ‍ॅप सगळ्यांच्या फोनात आलं तेव्हा सुभाषनी सांगितलं, उघडून बघा, यादी नीट दिसते का. राहीबाईनं उघडलं. फोन म्हणाला, "एकही फ्लॅट शिल्लक नाही."

तिनं पुन्हा उघडलं. पुन्हा तेच.

झालं. तिला वाटलं, आपला पत्ता कापला. पुनर्बांधणीत काय काय होतं ते सगळ्यांनी ऐकलेलं असतंच. काठी घेतली आणि तडक सोसायटीच्या ऑफिसात. संध्याकाळची वेळ, कमिटी बसलेली. "अजून चिठ्ठ्या निघाल्या न्हाईत अन् माझ्या फोनात घरं संपली. कुणी संपवली? मी मेले असं समजलात का?"

सुभाषनी आपला फोन उघडला. यादी पूर्ण. दुसऱ्यानं उघडला, पूर्ण. तिसऱ्याचीही पूर्ण. मग कोणीतरी हसलं, आणि एक हसला की बाकीच्यांना धीर येतो. "मावशी, फ्लॅट आहेत हो, तुमचा फोनच आंधळा आहे," असंही एक जण म्हणाला. त्याच्या कानाखाली वाजवायला मी तिथं पायजे होते.

सुभाष मात्र हसला नाही. मायेनं म्हणाला, "मावशी, असं करू. वॉचमनच्या केबिनवरचा पहिल्या मजल्याचा फ्लॅट तुमच्यासाठी बाजूला ठेवतो. त्या दिवशी तुमच्या वतीनं मीच बटण दाबेन. तुमाला काही बघायला नको." कमिटीनं माना डोलावल्या. एका बाईनं तर टाळी वाजवली म्हणे.

राहीबाई घरी आली ती थेट माझ्या दारात. "तुझ्या पोरीला बोलीव," म्हणाली. काठी उंबऱ्यावर आपटली. रागानं की अपमानानं, ते तिलाच माहीत.

मैत्री आली, फोन घेतला, अ‍ॅप उघडलं आणि ऐकलं. मग स्वतःच्या फोनाचा आवाज चालू करून, पडदा बंद करून ऐकलं. तीन-चार वेळा ऐकून ती खुर्चीत मागे टेकली. म्हणाली, "आई, मी हे डोळ्यांनी तपासलं गं."

मला तिनं जे समजावलं ते असं. अ‍ॅप उघडलं की ते इंटरनेटवरून विचारतं, कुठले फ्लॅट शिल्लक आहेत? उत्तर यायला जरा वेळ लागतो. तोवर पडद्यावर यादी रिकामी असते आणि एक गोल फिरत राहतो. डोळस माणूस तो गोल बघतो आणि थांबतो. फोनमधल्या आवाजाला तो गोल काय ते माहीतच नाही. त्याला रिकामी यादी सापडते आणि तो सांगून मोकळा होतो, शिल्लक नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. मागून यादी येते, पण तोवर राहीबाईनं रागानं अ‍ॅप बंद केलेलं असतं.

"मग बिचारी खोटं नव्हती बोलत," मी म्हणाले. मला लाज वाटली. अख्ख्या विंगमध्ये मिरवलेलं अ‍ॅप ते.

मैत्रीनं तिथल्या तिथं दुरुस्ती केली. अ‍ॅपला दोन सेकंद थांबायला सांगितलं. दोन सेकंदांत यादी येतेच, मग बोलायचं. आमच्या घरात दहा वेळा करून बघितलं, दहाही वेळा बरोबर. मैत्री खूश, मी खूश.

राहीबाई उठली. फोन घेतला, काठी घेतली आणि निघाली. आमी मागोमाग. ती थेट सोसायटीच्या हॉलमध्ये गेली. तो हॉल पंपाच्या खोलीला लागून, अर्धा जमिनीखाली. तिथं साधा फोन लागायचीही मारामार. निवड तिथंच होणार होती. तिनं अ‍ॅप उघडलं.

"एकही फ्लॅट शिल्लक नाही."

"दोन सेकंद कुणी ठरवले?" तिनं विचारलं.

"मी," मैत्री म्हणाली. "इथे नेटवर्क कमी आहे मावशी. चार करते."

"चार बी तूच ठरवणार. पाच बी तूच." राहीबाईचा आवाज चढला नाही. "म्हंजी तू बी त्या सुभाषवानीच. माझं वाईट न्हाई करायचं तुला. फक्त मला न इचारता ठरवून टाकायचं, ह्या बाईचं झालं."

मैत्री माझी मुलगी आहे, उलट उत्तर द्यायला तिला शिकवावं लागत नाही. पण त्या दिवशी ती मान खाली घालून घरी आली. जेवताना नुसता भात चिवडत बसली. मी म्हटलं, "अगं, म्हातारं माणूस आहे, रागात बोलली." तर म्हणाली, "नाही आई. बरोबर बोलली. मी अंदाज लावत होते. यादी येऊन बसली का, हे मी यादीला विचारतच नव्हते."

पुढचे काही दिवस ऑफिसातून आल्यावर ती तेच करत बसायची. मधेच वैतागून, "काय डोक्याला ताप आहे" असं म्हणायची. हे आधी का नाही केलं म्हणून मी विचारलं, तर म्हणाली सगळे दोन सेकंदांवरच भागवतात, कुणी तक्रार करत नाही. तक्रार करणाऱ्याला यादीच मिळत नसेल तर तो कुठून करणार, हे तिचंच म्हणणं.

शेवटी तिनं वेळ मोजणं काढूनच टाकलं. आता अ‍ॅप आधी उत्तराची वाट बघायचं. उत्तर आलं की यादीच्या ओळी एकेक करून पडद्यावर बसतात. पडद्यावर मावणारी शेवटची ओळ जागेवर बसली, की यादी स्वतःच कळवते, आले मी. मगच आवाज बोलणार, "यादी आली," आणि किती फ्लॅट ते सांगणार. तोवर नुसतं "यादी येत आहे." नेटवर्क तुटलं तर, "यादी आली नाही, पुन्हा विचारू का?" आणि "शिल्लक नाही" हे फक्त खरोखरच शिल्लक नसेल तेव्हा. रिकामी यादी वेगळी आणि न आलेली यादी वेगळी.

राहीबाईनं हॉलमध्ये जाऊन पुन्हा ऐकलं. बराच वेळ "येत आहे, येत आहे" चाललं, मग यादी आली. "आता खरं बोलायलीय," ती म्हणाली. थँक्यू वगैरे नाही. मैत्रीला तेवढं पुरलं.

निवडीचा रविवार उजाडला. हॉल खचाखच, खुर्च्या कमी पडल्या. सुभाषच्या हातात माईक, मैत्री कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन. स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या काढल्या. राहीबाईचा नंबर मधोमध आला, आणि माझा बरोब्बर तिच्या मागे. मला चौथा मजला पायजे होता, खाली डास आणि त्याहून वर चढायचं तर माझे गुडघे बोलतात म्हणून. चौथ्यावर डोळा ठेवून माझ्या मागे तिघं-चौघं होते, हे मला माहीत होतं.

एकेक जण निवडत गेला. मधले मजले भराभर संपत होते. खाडीच्या बाजूला दुपारचं ऊन येतं म्हणून लोक ती टाळत होते, तरी चौदाव्यावरचा एक गेलाच. सुभाषनी माईकवर ते सांगितलं तेव्हा मी राहीबाईच्या हाताकडे बघितलं. काठीवरची मूठ घट्ट झाली होती. आता चौदाव्यावर त्या बाजूचा एकच उरला होता.

"नेक्स्ट, राहीमावशी," सुभाष म्हणाला. "मावशी, तुमी बसा. मी येतो."

"तू थांब तिथंच," ती म्हणाली आणि अ‍ॅप उघडलं.

"यादी येत आहे," फोन म्हणाला.

हॉलमधल्या प्रत्येकाच्या हातात फोन. कोणी यादी बघतंय, कोणी व्हिडिओ, कोणी गावाकडे फोटो पाठवतंय. नेटवर्क आधीच रोगट, त्यात हे सगळे त्याच्या मानेवर बसलेले. यादी येत आहे. यादी येत आहे. लोक चुळबुळायला लागले. पाठीमागून कोणीतरी म्हणालं, "अहो, द्या ना सुभाषला. पहिला मजला ठरलाय ना त्यांचा?"

सुभाष आला आणि तिच्या हातून फोन घेतलाच. मायेनंच घेतला, पण घेतला. पडदा काळा. राहीबाई पडदा बंदच ठेवते, तिला त्याचा काय उपयोग. त्यानं बटण दाबलं, बोट फिरवलं, पुन्हा दाबलं. फोन आपला घरघर बोलतोय आणि दिसत काहीच नाही. "मावशी, फोन बंद पडलाय तुमचा."

"बंद न्हाई," राहीबाई म्हणाली. "माझ्यापुरता चालू हाय. आण इकडं."

ह्या वेळी लोक सुभाषला हसले. त्याचे कान लाल झाले. फोन परत देत तो माईकमध्ये म्हणाला, "पाच मिनिटं झाली. नियम सगळ्यांना सारखा. मावशींचा पहिला मजला नक्की समजू. नेक्स्ट."

नेक्स्ट मी.

माझा चौथा मजला यादीत होता. मला उठून फक्त बोट टेकवायचं होतं. पण उठले आणि तोंडातून निघालं, "मी तिच्या मागे आहे. ती निवडल्याशिवाय मी निवडणार नाही. आणि मला ओलांडून पुढचा नंबर घ्यायचा असेल तर आधी माझ्याशी गाठ आहे."

"गोजराताई, तुमी पण?" सुभाष रडकुंडीला आला.

कोपऱ्यातून मैत्री म्हणाली, "काका, मावशींची पाच मिनिटं अजून सुरूच नाही झाली. यादी हातात पडली की वेळ सुरू. लॅपटॉपवर दिसतंय मला, यादी पोचलेली नाही."

मग एकच गलका. नियम, वेळ, जेवणं खोळंबलीत, एका बाईपायी किती जणांनी बसायचं. त्या गलक्यात राहीबाई उठून उभी राहिली. काठी खुर्चीला टेकवून ठेवली. ती ओरडली नाही, पण कारखान्यात मशीनच्या आवाजावर वरताण बोललेल्या बाईचा आवाज आहे तो.

"माझी यादी यायलीय," ती म्हणाली. "ती येईस्तवर मी हलणार न्हाई. तुमी सगळे म्हणताव मावशीसाठी काहीतरी करायचं. रोज खिडकीत येऊन इचारता, काय मदत करू? मग आज करा. आपापले फोन बंद करा. एवढीच मदत पायजे मला. होती का बघा."

कोणी हललं नाही. मग पहिला फोन बंद केला तो मीच. मग शेजारच्या बाईनं. मग टाळी वाजवणाऱ्या त्या बाईनं. हळूहळू हॉलमधले उजेड मालवत गेले. शेवटचा फोन सुभाषचा, तोही त्यानं बंद करून खिशात घातला. इतकी माणसं आणि कुणाच्या हातात काही नाही, असा तो हॉल मी पहिल्यांदाच बघितला. पंपाचा आवाज तेवढा येत होता.

"यादी येत आहे," फोन म्हणाला. आणि लगेच, "यादी आली."

राहीबाईनं कानात वायर घातली. बोट पडद्यावरून फिरायला लागलं. मैत्रीनं फ्लॅट खालच्या मजल्यापासून लावले होते. म्हणजे पहिला मजला सगळ्यात आधी, चौदावा सगळ्यात शेवटी. प्रत्येक ओळ ऐकत ती पुढे जात होती. एकदा बोट थांबलं, तेव्हा सुभाष आशेनं पुढे झाला. तिनं नाक पुसलं आणि पुन्हा पुढे सरकली. मी तिच्या बोटाबरोबर मनात मजले मोजत होते. तो फ्लॅट आहे हे मला माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं, तरीही.

बोट थांबलं. तिनं कानातली वायर काढली, फोनच्या घरघरीचा वेग एकदम कमी केला, इतका की एकेक शब्द सुटा ऐकू यावा, आणि फोन डोक्यावर धरून दोनदा टकटक केलं.

"चौदावा मजला. खाडीची बाजू," फोन सावकाश बोलला. "निवड झाली."

कोणी टाळी वाजवली नाही. बरंच झालं. सुभाष माईक विसरला आणि नुसत्या तोंडानं म्हणाला, "मावशी, अहो, लिफ्ट बंद पडली तर?"

"मग मी चढंन," राहीबाई म्हणाली. "तू खाली उभा राहून बघ, दिसते का मी."

ती खाली बसली, काठी मांडीवर घेतली. सुभाषनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"नेक्स्ट," तो म्हणाला.

मी फोन चालू केला आणि माझी यादी यायची वाट बघत उभी राहिले. ह्या वेळी कुणी घाई केली नाही.